दळवीमामांनी दाखवलेला सांधा

दळवीमामा माणसाला भेटण्याआधी त्याच्या गाडीला भेटतात. बोटाच्या पेरानं दरवाजा वाजवतात, मान तिरकी करून ऐकतात आणि मगच "बरा मा?" म्हणतात. इथे आखातात गणपतीला आम्ही मराठी माणसं एका इंजिनियरच्या घरी जमतो, तेव्हा आत आरती आणि मामा बाहेर पार्किंगमध्ये. एकदा तिथून येऊन त्यांनी जाहीर केलं, "डॉक्टरानु, तुमचो डावो दरवाजो अर्धो पुट्टीचो हा." पुट्टी म्हणजे पोचे बुजवायची लांबी. डॉक्टरांनी ती गाडी एक ओरखडा नाही म्हणून घेतली होती. त्या दिवशी त्यांना मोदक गेला नाही.

मामा कणकवलीकडचे. इथल्या एका गॅरेजात तीस वर्षं डेंटिंग-पेंटिंग करतात, जलीबच्या कामगारवस्तीत चौघांत एक खोली. त्यांचं एक वाक्य ठरलेलं: "माझो हात लागलो काय गाडीच्या आवशीकसुद्धा कळूचा नाय." आवस म्हणजे आई. मी परांड्याचा, मला हे विचारून घ्यावं लागलं.

माझ्या गाडीला त्यांचा हात लागला तो सिग्नलवर मागून एकानं ठोकल्यामुळे. चूक त्याची होती, दुरुस्ती त्याच्या विम्यातून झाली. मामांनी पंधरा दिवसांत गाडी अशी करून दिली की मीच दोनदा नंबर पाहिला.

पण मला ती विकायची होती. वडील हमाल, घरातला पहिला पदवीधर मी. आता धाकट्या बहिणीला, सुनीताला, नर्सिंगला घालायचं होतं. फी त्या गाडीतून यायची होती. गिऱ्हाइकं आली, खूश झाली. मी सांगायचो, "मागून अपघात झालाय." गिऱ्हाइकं जायची.

"मेल्या, तू सांगतंस कित्याक?" मामा भडकले. "माझ्या कामाची अब्रू घेतंस!"

"झालाय ना पण, मामा."

"शाळेत ह्याच शिकवल्यानी?"

शेवटी ऑफिसातल्या एकानं वाट दाखवली. अपघातानं गाडीचा भाव उतरला, तर तो फरकही ठोकणाऱ्याच्या विम्याकडून मागता येतो. मी अर्ज केला. भाव किती उतरला ते ठरवायला एक अरबी तज्ज्ञ येणार होता. मामांना दुरुस्तीचा कारागीर म्हणून बोलावलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले.

तज्ज्ञानं बॅटरी मारून मागची बाजू पाहिली, बोटानं वाजवली, रंगाची जाडी मापायचं यंत्र लावलं. मग मामांकडे वळून म्हणाला, "मुमताज!" म्हणजे अव्वल. तीस वर्षांत कुणी कोटवाल्यानं मामांना असं म्हटलं नसावं. त्यांचा चेहरा उजळला. तज्ज्ञ कागदावर लिहायला लागला. हिंदीत मला म्हणाला, "नुकसान कुछ नहीं. गाडी नयी जैसी."

म्हणजे फरक मिळणार नव्हता, सुनीताची फी गेली. मामा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी डिकी उघडली, खालचा गालिचा ओढून काढला आणि तज्ज्ञाला हाक मारली, "शूफ, साब. इधर शूफ." शूफ म्हणजे बघ. "कंपनी का वेल्डिंग का टाका गोल, एक माप का. ये मेरा. टेढ़ा है. पत्रा काट के जोड़ा. पहले जैसा ताकद नहीं आता."

तज्ज्ञानं त्या सांध्यावरून बोट फिरवलं, फोटो काढले, आधीचं लिहिलेलं खोडलं.

परत येताना फरवानियाच्या वळणावर मामा म्हणाले, "गॅरेजात सांगू नको हां."

"नाही सांगणार. पण मामा, तुम्ही कशाला..."

"माझ्या चेडवाचा शिक्षण बारावीत थांबला. तिका शिकाचा होता, ता माका लग्नानंतर कळला. मी हंय, इतक्या लांब. माका कोण विचारतलो?"

फरक मिळाला. सगळा नाही, पण सुनीताच्या प्रवेशाला पुरला. प्रवेश झाला त्या शुक्रवारी मी जलीबला जाऊन मामांना तिचा फोन लावून दिला. मामा खाटेवरून उठून उभे राहिले, शर्टाचं वरचं बटण लावलं.

"बाय," ते म्हणाले, "काय काय शिकवतत ता माका सांग. सगळा सांग."

ती सांगत राहिली. मामा अर्धा तास उभ्यानंच ऐकत होते.