माझं कॅरेट उकरायचं न्हाई

पाठीवर काय घ्यावं आणि काय घेऊ नये हे बाईमाणसाला शिकवावं लागत नाही, असं मी परवापरवापर्यंत छातीठोक सांगत होते. आता सांगत नाही. विचारलं तर विषय बदलते.

झालं असं, की आमची नात हर्षाली पुण्याला शिकते. तिनं आणि तिच्या जुन्नरच्या मैत्रिणीनं, इफरानं, मिळून गाणी बसवली. इफरा गाते, हर्षाली ढोलकी वाजवते. डिंभे धरणाच्या पाण्याकाठी दोन दिवसांचा संगीत फेस्टिव्हल होता, तिथं त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन वर यायच्या आत, गायला मिळणार होतं. म्हणजे आदल्या दिवशी जाऊन तंबूत मुक्काम. आणि मुक्काम म्हटल्याबरोबर आमचा भरत आडवा आला. भरत म्हणजे हर्षालीचा बाप आणि माझा मुलगा. (आडवं येणं त्यानं आजोळाकडून घेतलं असं सगळे म्हणतात. त्याचं आजोळ म्हणजे माझं माहेर, म्हणून मी ऐकल्यासारखं करत नाही.)

"दोघीच पोरी माळावर झोपणार? जमणार न्हाई."

"दोघीच का? मी जाते की," मी म्हणाले.

मला कुणी विचारलं नव्हतं. पण कुणी विचारावं म्हणून वाट बघत बसले असते, तर मी अजून माहेरीच असते.

भरतनं डोकं खाजवलं. "बरं. पण दिवेलागणीला मी व्हिडिओ कॉल लावणार. तंबू उभा दिसला आन आई त्यात बसलेली दिसली, तर राहा. न्हाईतर तसाच गाडी घिऊन येतो आन हर्षालीला उचलून आणतो. मग गाणं गेलं उडत."

हर्षालीचं तोंड एवढंसं झालं. वर्षभर बोटं सुजवून घेतली होती पोरीनं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. "प्रयागबाई संगं असल्यावर तंबू काय घिऊन बसलीस? तुझ्या बापाला मांडव दिसंल!"

आता सामान. हर्षालीनं पुण्याहून भाड्यानं तंबू आणला, झोपायच्या तीन पिशव्या आणल्या, बारकी गॅसची शेगडी आणली. मी तवा, बाजरीचं पीठ आणि ठेचा काढून ठेवला.

"आज्जी, तवा कशाला?"

"मग भाकरी काय तुझ्या ढोलकीवर भाजू?"

हे सगळं न्यायचं कशात, इथून रामायण सुरू झालं. हर्षालीनं रकसॅक म्हणून एक पोतडं आणलं होतं. त्याला इतके पट्टे, की आमच्या बैलांना एवढे कासरे कधी लागले नाहीत. "घालून तर बघ, लई सोपं असतं," ती म्हणाली. मी ओट्याच्या कडेला बसले, पट्ट्यांत हात घातले, कमरेला बक्कल लावलं आणि ऐटीत उठले. म्हणजे उठणार होते. पोतडं जागचं हललं नाही, मीच मागं गेले. ओट्यावर उताणी, पाय आभाळाकडं, आणि बक्कल काही केल्या निघेना. आमचे मालक भिमाजीराव पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला, माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा वर केला. पेपर बराच वेळ हलत होता.

सुटका झाल्यावर मी जाहीर केलं, की रकसॅक ही वस्तू शेतकऱ्याच्या कामाची नाही.

"गोणीत भरा," मालक म्हणाले.

"संगीताला चाललोय का खत आणायला?"

मग मला सुचलं. कॅरेट! टोमॅटो भरायच्या प्लास्टिकच्या पेटीला आमच्याकडं कॅरेट म्हणतात. शहरात कॅरेट सोन्याला असतो म्हणे. आमच्या निमगाव सावा गावात एखाद्या हंगामात दोन्हीत फरक राहत नाही आणि एखाद्या हंगामात रिकामं कॅरेट भरलेल्यापेक्षा महाग पडतं. धरायला खाच असते, एकावर एक बसतं, आणि मुख्य म्हणजे कुणाला उताणं पाडत नाही.

त्यातून माझी कॅरेटं. त्यांच्यावर लाल रंगानं मी स्वतः 'प्र. भि.' लिहिलंय. (शाळेचं तोंड बघितलं नाही. माल झाकायच्या रद्दी पेपरवर अक्षरं शिकले, आणि आता त्याच पेपरातल्या चुका काढते.) काही काही लोक कॅरेटात वरच्या थराला लालबुंद माल लावतात आणि खाली कवळा, फुटका सारतात. म्हणून व्यापारी कोपरापर्यंत हात घालून तळ उकरतात. माझं मात्र वर जे, तेच तळाला. "प्रयागबाईचं कॅरेट उकरायचं नाय," असं नारायणगावच्या बाजारात व्यापारी एकमेकांना सांगताना मी कानांनी ऐकलंय. (नीट ऐकू यावं म्हणून तिथून दोनदा गेले होते.)

तर सामान चार कॅरेटांत बसलं. गेणूची पिकअप आमचा आणि शेजाऱ्यांचा माल घेऊन रोज नारायणगावला जाते. तिच्यातच ही चार टाकायची, आम्ही एसटीनं मागून जायचं, आणि बाजारात इफरा तिच्या अब्बांची व्हॅन घेऊन येणार. वाटेत कुणाचा डोळा सामानावर जाऊ नये म्हणून मी आणखी एक हुशारी केली. चारी कॅरेटांत सामानावर पेपर अंथरला आणि वर टोमॅटोचा एक एक थर लावला. निवडक. एकसारखा.

मालकांना बजावलं, "गेणूला सांगा, ही चार कॅरेटं घरची हायती, इकायची न्हाईत, कडंला ठिवायची."

मालकांना लांब वाक्यं पेलत नाहीत. त्यांनी गेणूला सांगितलं, "ही चार प्रयागबाईची. जपून."

आम्ही बाजारात पोचलो तर गेणू लांबूनच हात हलवत आला. "काकू, पेढे द्या! लई भारी भाव भेटला!"

"कशाला?"

"तुमच्या मालाला. त्या चार कॅरेटांवर काय माल व्हता राव! मी ती सगळ्यात पुढं मांडली. व्यापाऱ्यानं नुसती बगितली आन सगळा ढीग एका बोलीत उचलला. उकरलंबी न्हाई. म्हनला, प्रयागबाईचं हाय."

हर्षाली मटकन खाली बसली. इफरानं तिच्या हातातली ढोलकी झेलली म्हणून, नाहीतर तीही गेली असती.

आम्ही व्यापाऱ्याच्या गाळ्यावर पळालो. तिथं आधीच घोळका जमला होता. हमालाला तीन कॅरेटं हलकी लागली म्हणून त्यांनी उकरली होती. व्यापारी मधोमध उभा, एका हातात माझा तवा, दुसऱ्या हातात झोपायची पिशवी.

"मावशी," तो म्हणाला, "खाली कवळा माल घातल्याला बगितला. किडका बगितला. एकानं तर गवत घातलं व्हतं. पण तवा? तवा आजवर कुनी न्हाई घातला."

"आवो, ते इकायचं नव्हतं! आमी गाणं ऐकाया चाललोय!"

"तवा घिऊन?"

घोळका असा हसला, की ते हसू अजून माझ्या कानात आहे. ज्या बाजारात नुसत्या माझ्या नावावर माल घेतला जायचा, तिथं माझ्या कॅरेटातून ठेच्याची बरणी निघाली. इफरा पुढं झाली आणि तिनं सगळं नीट समजावलं. माणूस भला होता. हसून डोळे पुसत म्हणाला, "न्या. चौथं बघा तिकडं थप्पीत आसंल. बिगीबिगी, सुरतेचा ट्रक भरायला लागलाय."

थप्पीत सगळीच 'प्र. भि.' मी एक हेरलं. वरच्या टोमॅटोंच्या फटीतून पेपर दिसत होता. "हेच!"

"आज्जी, उकरून बघू एकदा," हर्षाली म्हणाली.

एवढ्या माणसांसमोर? नुकती अब्रू गेलेली असताना? माझ्याच नातीनं?

"माझं कॅरेट उकरायचं न्हाई!" मी गरजले आणि ते थेट व्हॅनमध्ये ठेवायला लावलं. उचलताना इफरा म्हणाली, "आजी, हे जड आहे हं." मी म्हणाले, "तंबू जडच आसतो."

कळंब मागं पडलं, घोडेगाव मागं पडलं, आणि ऊन कलायच्या आत आम्ही फेस्टिव्हलला पोचलो. गाड्या लांब लावायच्या आणि सामान ज्याचं त्यानं वाहायचं. पोरंपोरी रकसॅक लावून डुलत चालली होती. मी डोक्यावर चुंबळ ठेवली, त्यावर कॅरेट घेतलं आणि सगळ्यांच्या पुढं निघाले. मान ताठ. गेटवरचा पोरगा धावत आला.

"आजी, भाजीवाल्यांचं गेट मागच्या बाजूला आहे."

"मी भाजीवाली न्हाई. पावणी हाय!"

त्यानं माझ्या डोक्यावरच्या कॅरेटाकडं बघितलं आणि वाट सोडली.

जागा धरली. पिशव्या काढल्या, शेगडी काढली. मग मी चौथ्या कॅरेटावरचा थर बाजूला केला. खाली टोमॅटो. पेपर निघाला तो नुसता माल झाकायचा, कडेनं आत सरकलेला. आणखी उकरलं. टोमॅटो. तळापर्यंत एकसारखे, लाल, टणक, माझेच. आयुष्यात पहिल्यांदा मला वर जे तेच तळाला निघाल्याचं दुःख झालं.

तंबू ट्रकमधून सुरतेला चालला होता.

सूर्य डोंगराला टेकत होता. हर्षाली नुसती ढोलकीच्या दोऱ्या ओढत बसली. माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. भाड्याचे तंबू विचारले, सगळे गेलेले. एवढ्यात जेवणाच्या स्टॉलवरून एक बाई कुणावर तरी ओरडताना ऐकू आली. समृद्धी तिचं नाव. तिचे टोमॅटो संपले होते, आणि पास्त्यासाठी रांग पार पाण्यापर्यंत गेली होती.

मी कॅरेट तिच्यापुढं आदळलं.

"कसे दिले, आजी?"

"इकायचे न्हाईत. तंबू दे, टोमॅटो घे."

"माझ्याकडे कांदे ठेवायचा एकच तंबू आहे!"

"दे तोच."

तिनं संशयानं कॅरेटात हात घातला आणि खालचा माल चाचपला. एरवी मी तिचा हात धरला असता.

"उकर," मी म्हणाले. "तळापर्यंत उकर. तंबू सापडला तर मला सांग."

भरतचा कॉल आला तेव्हा मी तंबूत मांडी घालून बसले होते.

"आई, मागं कांदे कसले?"

"डेकोरेशन हाय."

"आन तू रडती का?"

"कांदे हायेत ना!"

"बरं," तो म्हणाला. "दिसला तंबू. राहा."

हर्षालीनं माझ्या गळ्याला अशी मिठी मारली, की आम्ही दोघी कांद्यांवर पडलो.

सकाळी पोरी लवकर गेल्या. मी म्हणाले, व्हा पुढं, मी आलेच. आणि झोपायच्या पिशवीची चेन काही उघडेना. लुगड्याचा काठ तिच्यात अडकला होता. ओढली, शिव्या घातल्या, ढिम्म. तेवढ्यात ढोलकीवर थाप पडली. माझ्या हर्षालीची थाप. मी काय तंबूत पडून ऐकणार? पिशवीसकट उभी राहिले आणि उड्या मारत निघाले. दवानं भिजलेलं गवत, पाण्यावर धुकं, आणि मी पोत्याच्या शर्यतीतल्या पोरासारखी थेट स्टेजपुढं. इफरा गाता गाता हसली, पण सूर हलला नाही. ती ढोलकी अशी घुमत होती, की समोरचा डोंगर साथीला बसलाय असं वाटावं. मी तिथंच गवतावर पिशवीत बसून राहिले. सुखानं.

कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला. मी घरी पोचायच्या आधी तो घरी पोचला होता.

भरत दारातच मोबाईल घेऊन उभा. त्यानं आधी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. "भारी वाजवलीस गं. पुढल्या वर्षी खुशाल जा. एकटी गेलीस तरी चालंल."

"बगा!" मी मालकांना म्हणाले. "माझ्यामुळं पोरीवर इस्वास बसला."

"व्हय," भरत म्हणाला, "पण आई, तुला कुठं जायाचं आसंल तर हर्षालीला इचारून. ती संगं येणार आसंल तरच. तुला एकटीला मी सोडणार न्हाई."