नवव्या फरशीवरची खुर्ची

शंकरअण्णा कुठलीही गाडी समोरून बघत नाहीत. आधी मागे जातात, गुडघे टेकतात आणि खिशातला पांढरा रुमाल धुराच्या नळीसमोर धरतात. मग रुमालावरचा डाग, ज्योतिषाने पत्रिका वाचावी तसा उन्हात धरून वाचतात. माझ्या जुन्या जीपचा डाग पाहून म्हणाले, “सर, गाडीचं ऱ्हाऊ द्या. तुमी मास्तर हाय का कोळशाचं व्यापारी, त्ये आधी सांगा.”

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचं, इंजिनात डिझेलचा फवारा सोडणारे पंप आणि नोझल दुरुस्त करायचं दुकान आहे. उमेद लष्कराच्या वर्कशॉपमध्ये गेली. त्यामुळे बिघडलेलं नोझल त्यांच्याकडे आजारी जवानासारखं ‘सिक रिपोर्ट’वर असतं.

तत्त्वज्ञान एकच. “जळंल त्येवढंच खायाचं.” डिझेलचा फवारा बारीक हवा, वेळेवर हवा आणि त्याला पुरेशी हवा मिळायला हवी; न जळलेलं जे उरतं त्याचा धूर होतो. लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढणाऱ्यालाही ते हेच ऐकवतात.

एकदा वसाहतीत स्वच्छ हवेवर समारंभ झाला. पाहुणे व्यासपीठावरून प्रदूषणाबद्दल कळवळून बोलत होते आणि आतला गारवा टिकावा म्हणून त्यांच्या गाड्या मंडपामागे चालू होत्या. अण्णा मागे जाऊन आले. नारळ द्यायचा मान त्यांच्याकडे होता. त्यांनी तो रुमालात गुंडाळून दिला. फोटोत शालीपेक्षा डाग ठळक आलाय.

हा सगळा मला निवृत्त माणसाचा छंद वाटायचा.

गेल्या महिन्यात दुपारी चारला नोझल आणायला मी त्यांच्या घरी गेलो. गल्लीत भज्यांचा वास होता. घराला लागून त्यांची पिठाची गिरणी आहे, ती विजेच्या मोटारीवर चालते. शेजारी जुनं डिझेल इंजिन धडधडत होतं, पण त्याला गिरणी फिरवणारा पट्टाच नव्हता. भज्यांच्या गाडीवरचं वापरलेलं तेल आणून, त्यावर प्रक्रिया करून अण्णा ते इंजिनाला पाजत होते. बाहेर अंगणात, बऱ्याच अंतरावर, खुर्चीत त्यांची बायको हौसावहिनी बसली होती.

“पट्टा काढलाय, मग हे चालवता कशाला?” मी विचारलं.

“माज्यासाठी,” वहिनी म्हणाल्या आणि खोकल्या.

अण्णा फौजेत असताना गिरणीच्या त्या बिनखिडकीच्या खोलीत वहिनींनी या इंजिनावर गिरणी चालवली होती. पुढे डॉक्टरांनी विचारलं, घरात विडी कोण ओढतं? वहिनी म्हणाल्या होत्या, “इंजान.”

“म्याच पगारातनं घेऊन दिल्तं त्ये,” अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले.

“आवं, किती येळा सांगशीला?” वहिनी म्हणाल्या. मग मला, “मोटारीला आवाजच न्हाई सर. घरात कोन हाय असं वाटत न्हाई. ह्ये तिकडं सरहद्दीवर. हितं मी आन् ह्ये इंजान. लय वर्सं माज्यासंगं त्येच बोलत हुतं.”

वहिनींची खुर्ची इंजिनापासून बाराव्या फरशीवरून सुरू झाली होती. नोझल बदललं, एक फरशी पुढे. फवाऱ्याची वेळ सुधारली, आणखी एक. तेल बदललं, तिसरी. आता ती नवव्या फरशीवर होती. वहिनींना पुन्हा इंजिनाशेजारी बसायचं होतं आणि त्याचा हुकूम फक्त रुमाल देऊ शकत होता.

अण्णांनी रुमाल धरला, उन्हात नेला. मला तो पांढराच वाटला. ते मात्र बराच वेळ बघत राहिले. एका कोपऱ्यात, बोट टेकवावं एवढी राखाडी छटा होती.

“आज येऊ का म्होरं?” वहिनींनी विचारलं.

“न्हाई.”

“एक फरशी. सरास्नी तर दिसतबी न्हाई काय.”

“त्येंच्या जीपनं त्येंचं डोळं गेल्यात. तू हितंच बस, हौसा.”

अण्णांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला, इंजिन तसंच चालू ठेवलं, आतून एक स्टूल आणलं आणि नवव्या फरशीवर, वहिनींच्या शेजारी बसले.