खिडकीतली फ्रेंच बाई

पॅरिसमधल्या त्या इमारतीच्या पाचव्या मजल्यावर राहणाऱ्या झाहियाला एवढंच हवं होतं: जिन्याखाली बाबागाडीपुरती जागा. तिथे दुसऱ्या मजल्यावरच्यांची बाबागाडी होती, कुणाची तरी मोडकी सायकल होती, दरवानबाई मादाम पुजोल यांच्या कुंड्या होत्या. अडचण व्हायची ती फक्त झाहियाच्या गाडीची. त्यामुळे एका हातात चार महिन्यांचा मेझियान, दुसऱ्या हातात गाडी आणि मनात पाय घसरला तर काय करायचं याची उजळणी, अशी ती रोज जिना चढे.

गल्लीत सिनेमाचं शूटिंग आलं तेव्हा तिला वाट दिसली. परक्यांचा तिटकारा करणाऱ्या एका कारखानदाराची फजिती, अशी गोष्ट होती, आणि त्यातल्या नायकावर मादाम पुजोल यांचा भारी जीव. दिवंगत नवऱ्याच्या तसबिरीशेजारीच त्याची तसबीर लावलेली. त्याच्या सहीचा फोटो आणून दिला तर जागा पदरात पडेल, असा झाहियाचा होरा. गर्दीच्या दृश्यासाठी माणसं हवी होती. ती मेझियानला घेऊन रांगेत उभी राहिली.

सहायक दिग्दर्शक फाब्रिसने तिला न्याहाळलं. "बाई, ही रांग अल्जीरियन लोकांची."

"मी अल्जीरियनच आहे."

"असाल हो, पण दिसत नाही ना! घारे डोळे, गोरा रंग..."

"आमच्या गावात सगळे असेच दिसतात."

"तुमचं गाव थोडंच तिकीट काढणारेय? आम्हाला वेगवेगळ्या लोकांचे चेहरे दाखवायचेत. लांबूनच कळायला हवेत."

तेवढ्यात त्याची नजर मासळीवाल्या मादाम केर्वेलांवर पडली. फ्रान्सच्याच ब्रिटनी किनाऱ्यावरच्या कोळ्यांची लेक, उन्हावाऱ्यात रापलेली. पाच मिनिटांत त्यांच्या डोक्याला रुमाल आणि हनुवटीवर निळी नक्षी आली.

"अगं पोरी, हे काय काढलंय माझ्या तोंडावर?" त्यांनी झाहियाला विचारलं.

"गोंदण. माझ्या आजीला होतं."

"साबणानं जाईल ना?"

"आजीचं नाही गेलं."

झाहियाला हॅट घालून समोरच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरच्या खिडकीत उभं राहायचं होतं. ती खडूस फ्रेंच बाई. खालून चाललेल्या लोकांवर ओरडायचं, 'आपापल्या देशात जा!' बस्स.

"बाळ माझ्याजवळच राहील," झाहिया म्हणाली.

"खडूस बाईला कशाला बाळ?" फाब्रिसने मेझियानच्या काळ्या कुरळ्या जावळाकडे पाहिलं. "हा मात्र अस्सल!" आणि त्याने पोर उचलून थेट केर्वेलाबाईंच्या हातात दिलं. मेझियान त्यांच्याकडे बघून बोळकं पसरून हसला. झाहियाला ते फारसं रुचलं नाही.

"त्याने दहापासून दूध घेतलेलं नाही!"

"पाचच मिनिटं, बाई!"

कॅमेरा सुरू झाला. झाहियाने खिडकीतून वाकून पाहिलं. केर्वेलाबाईंनी मेझियानला ताज्या माशासारखं काखोटीला मारलं होतं. त्याचं डोकं लटलट हलत होतं आणि पुढे दिव्याचा खांब होता.

"आपापल्या देशात... अहो, मान! मान धरा! असं धरतात का मूल? एवढीसुद्धा अक्कल नाही? चला, घरी निघा! आत्ताच्या आत्ता!"

 मग दिग्दर्शकाने टाळ्या पिटल्या. "काय तिरस्कार! अगदी पोटातून आलाय! हेच ठेवा, एक अक्षर कापू नका."

झाहिया तोवर जिना उतरून पोराला हिसकावून घेऊन पळाली होती. हॅट डोक्यावर तशीच. फोटो राहिलाच.

आठ महिन्यांनी सिनेमा लागला. दुसऱ्याच दिवशी मादाम पुजोल यांनी तिला जिन्यापाशी अडवलं. आजवर त्यांनी तिला 'ए बाई' खेरीज काही म्हटलं नव्हतं.

"मादाम, काल पाहिलं तुम्हाला! कोणीतरी सुनवायलाच हवं होतं त्या लोकांना. मूल कसं धरायचं, तेसुद्धा शिकवावं लागतं मेल्यांना!" आणि त्यांनी आपल्या हाताने कुंड्या बाजूला सारल्या. "ठेवा गाडी इथे. आपल्या माणसांसाठी एवढं तर करायलाच हवं."

झाहियाकडे उत्तर होतं, तेही दोन भाषांत. पण वर पाच मजले होते. तिने मेझियानला कडेवर घेतलं, गाडी जिन्याखाली सारली आणि आधी तिचा ब्रेक लावला. मग म्हणाली, "मादाम, ते मूल हेच."

मादाम पुजोल यांनी चष्मा चढवून मेझियानला निरखलं. त्याने त्यांचं नाक पकडलं.

"काहीतरीच काय! ते पोर कुणाचं, ते लांबूनच कळत होतं."

झाहिया वर निघाली. दुसरा हात मोकळा होता. त्या जिन्याला कठडा आहे, हे तिला पहिल्यांदाच उपयोगी पडलं.