भोये गुरुजींचा राब

तीन वर्षांपूर्वी मी भोये गुरुजींच्या मोबाइलमधलं एक अ‍ॅप पुसून टाकलं आणि वर त्यांच्याच हातचा चहा प्यायले. तेव्हा मी अवघी अडुसष्ट वर्षांची होते. त्या वयात आपल्याला सगळं कळतं असं वाटतं. त्यातून आदल्याच वर्षी नातीकडून मोबाइल शिकलेली. माकडाच्या हाती कोलीत.

गुरुजी मोखाड्यात माझे शेजारी. त्याआधी पोशेऱ्याच्या शाळेत आम्ही वीस वर्षं बरोबर शिकवलं. तेव्हाही त्यांच्या दोन वह्या असत, एक टिपणांची, एक लिखाणाची. मोबाइल आला तशी दोन अ‍ॅप आली. जीपमध्ये दाटीत बसून काही सुचलं की एकात टिपायचे. घरी येऊन, हातपाय धुऊन, सदरा बदलून दुसऱ्यात लिहायचे. गल्लीतला नळ कोरडा पडला तेव्हा अर्जाचं आधी टिपण झालं. लिखाण होईपर्यंत नळाला पाणी येऊन पुन्हा गेलं होतं.

"अहो, एकातच लिहा की सगळं," मी म्हणायचे.

"बाई, भात थेट खाचरात लावता का? आधी राब भाजायचा, त्यात रोप वाढवायचं, मग उपटून लावणी. टिपण म्हणजे राब. तिथं वेडंवाकडं चालतं."

"मग लावणी कधी?"

"रोप धरू दे."

त्यांची बायको जानकी रोज दुपारी माझ्या ओटीवर येऊन बसायची. सुपात नागली घोळवत बोलत राहायची. "यांना बायकापण दोन लागल्या असत्या, एक कच्ची, एक पक्की," असं एकदा म्हणाली आणि स्वतःच हसली. तेवढं एक मला लख्ख आठवतं. बाकी वेळ मी मोबाइलवर बोट फिरवत हं हं करायचे.

मग ती अंथरुणाला खिळली. आठ महिने गुरुजी उशाशी बसून असायचे, हातात मोबाइल. मी मनात म्हटलं, या माणसाला आता तरी तो खाली ठेवता येऊ नये?

होळीच्या आधी ती गेली. त्यानंतर गुरुजी रोज सकाळी हातपाय धुऊन, सदरा घालून लिहायला बसत. स्क्रीनवर वर एकच शब्द, 'जानकी'. खाली कोरं.

एक दिवस म्हणाले, "बाई, हा फार अडकतोय. बघता का?" आणि चहा टाकायला आत गेले. मी टिपणांचं अ‍ॅप उघडलं. 'सोमवार. पेज अर्धी वाटी. म्हणाली, डोंगरावर धूर दिसतो का बघा.' खाली असलंच तुटकतुटक काहीबाही. एका कामाला दोन अ‍ॅप कशाला, म्हणून ते काढून टाकलं. मोबाइल खरंच सुरळीत चालू लागला. गुरुजी चहा घेऊन आले तेव्हा मी शाबासकीची वाट बघत होते.

कप अर्धा झाल्यावर त्यांनी मोबाइल हातात घेतला. बराच वेळ बोट इकडून तिकडे सरकवत राहिले.

"टिपणांचं कुठंय?"

"काढलं. फालतू होतं."

"आजारात ती जे जे बोलली, ते त्यात होतं," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

मी नातीला फोन लावला. "आजी, दुसरीकडे कुठे ठेवलं नसेल तर गेलं ते," ती म्हणाली.

चार दिवस गुरुजींचं दार बंद होतं. पाचव्या दुपारी ते माझ्या ओटीवर आले. सदरा चुरगळलेला, पाय धुळीचे. जानकी बसायची तिथंच भिंतीला टेकले. ते अ‍ॅप त्यांनी परत आणलं होतं, रिकामं. ते उघडून मांडीवर धरलं आणि म्हणाले,

"पावसात आपला राब वाहून गेला, की माणूस शेजाऱ्याकडं रोपं मागायला जातो, बाई. रोज दुपारी ती तुमच्यापाशी बसायची. काय काय बोलायची, सांगा. जसं बोलली तसंच सांगा, मी टिपतो."