खंडेनवमी आणि पाण्याचा पंप

"दोन तास! फार तर सव्वादोन!"

खंडेनवमीच्या सकाळी तिसरं घावन ताटात पडता पडता सुहासरावांनी हे जाहीर केलं. गाडीचा पाण्याचा पंप ते स्वतः, घरच्या घरी, अंगणातल्या म्हणजे खळ्यातल्या आंब्याखाली बदलणार होते. सुहासराव ज्युनिअर कॉलेजात एकतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवत होते आणि उष्णतेच्या धड्यावर त्यांचा विशेष जीव होता.

"पंप म्हणजे काय? इंजिनाभोवती पाणी फिरवणारी एक चकती. पाणी फिरलं नाही की इंजिन तापतं. यात अवघड काय आहे?"

सुनंदाने तवा खाली उतरवला. तिला चकतीशी देणंघेणं नव्हतं. तिला उद्याशी होतं.

उद्या दसरा. उद्या सुनंदा, वय वर्षं त्रेपन्न, लायसन्स मिळून महिने पाच, स्वतः गाडी चालवत जयगडला माहेरी जाणार होती आणि वडिलांना शेजारी बसवून आरे-वारेच्या समुद्राकाठच्या रस्त्याने फिरवून आणणार होती. तिचे वडील रावजी चाळीस वर्षं मासेमारीच्या होडीवर तांडेल होते. होडी कुठे न्यायची ते ठरवणारा आणि सुकाणू धरणारा, तो तांडेल. लहानपणी "मला एकदा तरी धरू द्या" म्हणून सुनंदाने हट्ट केला, तेव्हा "बायकांनी होडीत पाय ठेवायचा नाय" एवढं सांगून ते निघून गेले होते. ती किनाऱ्यावर उभी. होडी लांब.

आता ते शहाऐंशीचे झाले होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डोळ्यावरची पट्टी सुटली, आणि ते पहिलं वाक्य बोलले ते हे: "सुनंदा, दसऱ्याला तुझ्या गाडीतून मला नेशील काय गो?"

आयुष्यात त्यांनी लेकीकडे मागितलेली ही पहिली गोष्ट.

आणि नेमका त्याच आठवड्यात गाडीचा पंप गळायला लागला. रोज सकाळी गाडीखाली एवढं थारोळं! धाकू मेकॅनिकने पाहून निदान केलं, सुहासरावांनी नवीन पंप आणून ठेवला, आणि धाकूला वेळ मिळाला तो थेट खंडेनवमीला. खंडेनवमीला सकाळी धाकूचा फोन.

"सर, आज पाना धरायचा नाय. हत्यारं पूजेत बसलीत. उद्या पूजा उतरली की येतो."

"अरे, पण उद्या सकाळी वहिनींना जयगडला जायचंय!"

"मग सर, हत्यारांना काय सांगू?"

याचं उत्तर भौतिकशास्त्रात नव्हतं. म्हणून सुहासरावांनी कपाटावरची लाल पेटी काढली. तेवीस पान्यांचा संच, सत्कारात मिळालेला, आजवर एकदाच उघडलेला, तोही आत काय आहे ते बघायला.

"अहो, जमेल ना?" सुनंदाने विचारलं.

"व्हिडिओतल्या माणसाने अकरा मिनिटांत बदललाय. मी दोन तास धरलेत."

सुरुवात झाली ती एखाद्या मोठ्या शस्त्रक्रियेच्या गांभीर्याने. खाली जुनी चादर, तिच्यावर निघेल तो स्क्रू क्रमाने, प्रत्येकाखाली कागदाच्या चिठ्ठीवर नंबर. नववी चिठ्ठी वाऱ्याने उडाली आणि जास्वंदीत गेली. ती सुनंदाने शोधून आणली. अकरा वाजले. बारा वाजले. व्हिडिओतला माणूस अकरा मिनिटांत जिथे पोचला होता, तिथे सुहासराव पावणेएकला पोचले. त्यांच्या नाकाला ग्रीस लागलं होतं आणि आवाजातला आत्मविश्वास निम्म्यावर आला होता.

"आता नीट ऐक," ते म्हणाले. "पंप या पट्ट्याच्या मागे आहे. पट्टा काढायच्या आधी, तो ज्यांवर फिरतो त्या दोन्ही दात्यांच्या चाकांवर खुणा करायच्या. पट्टा परत बसवताना खुणा जुळल्याच पाहिजेत. एक दाता जरी चुकला तरी इंजिनाचे आतले भाग एकमेकांवर आपटतात. मार्कर दे."

मार्कर वाळला होता. खडू घामाने पुसला गेला. नेलपॉलिश या घरात कधी नव्हतंच.

"कुंकू आण," सुहासराव म्हणाले.

"देवातलं?"

"कुठलंही! लाल असलं म्हणजे झालं!"

सुनंदाने देवघरातून करंडा आणला. सुहासरावांनी तेलात कुंकू कालवलं आणि श्वास रोखून तीन ठिपके दिले: एक वरच्या चाकावर, एक खालच्या, एक मधल्या लोखंडावर. मग पट्टा निघाला. मग जुना पंप निघाला, गंजलेला. सुहासरावांनी तो उंच धरून सुनंदाला दाखवला. त्या वेळी ते खरंच देखणे दिसले, हे तिला मान्य करावं लागलं.

"जेवून घेऊ. नवा पंप बसवायला अर्धा तास."

जेवण झालं. जेवल्यावर पाच मिनिटं पाठ टेकायची असते. ती टेकली.

सुहासरावांच्या आई, सावित्रीबाई, वय एकोणऐंशी, दुपारी कधीच झोपत नसत. त्या पूजेचं तबक घेऊन खळ्यात आल्या. दरवर्षी खंडेनवमीला त्या एकट्याच विळी, कोयता आणि शिलाई मशीन पुजत. मुलगा कॉलेजात शिकायला गेल्यापासून देवाला हात जोडायचा बंद झाला होता. त्यावरून त्या कधी भांडल्या नाहीत, पण आरतीच्या वेळी दाराकडे बघायच्या तेवढ्या.

आज आंब्याखाली मुलाचं यंत्र उघडं होतं आणि यंत्रावर कुंकू होतं. तीन बोटं. तेलात कालवून, नीट!

सावित्रीबाई तबक हातात धरून कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. मग पदराने डोळे पुसून त्या कामाला लागल्या. मुलाला विधी कुठला माहीत? त्याने सुरुवात केली होती, पुढचं त्यांनी पुरं केलं. बोट पोचलं तिथे कुंकू. मग हळद, अक्षता, फटीफटीत गोंड्याची फुलं. वरच्या चाकाला खालूनही कुंकू लागावं म्हणून त्यांनी जरा हात लावला, तर ते चाक कट्‌कन आपणहून फिरलं. देवाने मान हलवल्यासारखं! त्यांनी नमस्कार केला आणि नारळ फोडला. शेवटी तेवीसच्या तेवीस पाने गोळा केले, पाण्याने धुतले, पुसले आणि आत नेऊन देवासमोर पाटावर ओळीने मांडले. शेजारी समई लावली.

चारला सुहासराव खळ्यात आले. सुनंदा चहा घेऊन मागून आली आणि जागच्या जागी थांबली.

इंजिन नवरीसारखं सजलं होतं.

"आई!" सुहासराव ओरडले. "हे कोणी..."

सावित्रीबाई दारात आल्या. त्यांनी नवं लुगडं नेसलं होतं.

"तूच सुरुवात केलीस ना रे," त्या म्हणाल्या. "मी बघितलं कुंकू. मला वाटलं, हा काही बोलायचा नाही, पण मनात आलं असेल याच्या." मग पदर सारखा करत, "किती वर्षांनी रे?"

सुहासरावांनी तोंड उघडलं. सुनंदाला कळलं की आता 'आई, त्या खुणा होत्या' हे वाक्य येणार. ते ओठापर्यंत आलेलं तिला दिसलं. मग त्यांनी आईच्या लुगड्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

"अडतीस," ते म्हणाले.

"ये मग. आरती कर."

आणि एकतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने आंब्याखाली, अर्ध्या इंजिनासमोर, निरांजन ओवाळलं. सुनंदाने टाळ्या वाजवल्या. कोणी हसलं नाही. शेजारच्या गंगुबाई कुंपणापलीकडून हात जोडून उभ्या राहिल्या आणि प्रसाद घेऊन गेल्या.

"आई, ते पाने..." आरतीनंतर सुहासरावांनी हळूच विषय काढला.

"उद्या उत्तरपूजा झाली की घे. आज हात नाही लावायचा. तुला मी काय सांगू?"

सुहासराव पायरीवर बसले. सुनंदाला त्यांना काय काय सुनवायचं होतं! सकाळपासून तिने मनात चांगला साठा केला होता. पण नाकावर ग्रीस आणि कपाळावर कुंकू असलेल्या माणसाला सुनवायचं तरी कसं?

तिने जयगडला फोन लावला. येता येणार नाही, हे सांगायलाच लावला होता. पण तिच्या आधी पलीकडून आवाज आला.

"सुनंदा काय? पांढरा सदरा काढून ठेवलाय. खिडकीच्या बाजूला मीच बसणार हां!"

"हो बाबा," सुनंदा म्हणाली आणि फोन ठेवला.

दसऱ्याला उत्तरपूजा आटोपेपर्यंत दहा वाजले. साडेदहाला धाकू आला, आपल्या टेम्पोतून. टेम्पोला पुढे गोंड्याच्या माळा, मागे लोखंडी आकडा आणि त्याखालच्या पाटीवर हातभर अक्षरांत 'ब्रेकडाऊन सर्व्हिस, केव्हाही, कुठेही'. धाकूने इंजिनात डोकावून पाहिलं. ठिपके मोजले. अठरा भरले. त्याने चप्पल काढली.

"सर, पूजा झकास झालीय."

"धाकू, यातले तीन माझे आहेत. कुठले ते कळत नाही. शिवाय एक चाक फिरलंय. सगळं संपलं."

धाकूने खिशातलं फडकं काढलं, आधी नमस्कार केला, आणि चाकाची कड पुसली. कुंकवाखाली, लोखंडातच कोरलेली, एक बारीक रेघ होती. दुसऱ्या चाकावरही होती.

"ही बघा खूण. कंपनीच कोरून देते. ही समोरासमोर आणायची, झालं."

सुहासरावांनी त्या रेघेकडे अशा नजरेने पाहिलं, जशा नजरेने त्यांचे विद्यार्थी पुस्तकाच्या शेवटी छापलेल्या उत्तरांकडे बघतात. परीक्षा झाल्यावर.

"किती वेळ लागेल?" सुनंदाने विचारलं.

"तीन तास धरा वहिनी. चार."

सुनंदा आत गेली. पर्स घेऊन बाहेर आली. हात पुढे केला.

"धाकू, तुझ्या गाडीची चावी दे."



"वहिनी, टेम्पो हाय तो."

"चाकं चारच ना?"

धाकूने सुहासरावांकडे बघितलं. सुहासराव इंजिनाकडे बघत होते. आदल्या दुपारपासून त्यांनी 'अवघड काय आहे' हे वाक्य वापरलं नव्हतं, तेही या वेळी उपयोगी पडलं नसतं. "दे," ते म्हणाले.

जयगडपर्यंत सुनंदाला चार जणांनी हात दाखवून थांबवलं. दोघांची स्कूटर बंद होती, एकाचा ट्रॅक्टर, आणि एकाला नुसतंच विचारायचं होतं की धाकूने बाई ड्रायव्हर कधीपासून ठेवली. माहेरच्या वाडीत शिरली तेव्हा लोक घराबाहेर आले. "कोणाची गाडी बंद पडलीय गो?"

पांढरा सदरा आणि काळा चष्मा घातलेले रावजी ओट्यावर तयार बसले होते. त्यांनी टेम्पो पुढून पाहिला, मागून पाहिला, पाटी अक्षर अक्षर लावून वाचली.  सुनंदाने आपट्याची पानं हातात देऊन पायांना हात लावला.

"बाबा, आपली गाडी..."

"उंच हाय," रावजी म्हणाले. "समुद्र बरा दिसेल." आणि खिडकीशी जाऊन बसले.

ते सगळ्या वाटेत एक अक्षर बोलले नाहीत. वळणावर नाही, चढावर नाही, समोरून एस.टी. आली तेव्हाही नाही. गियर अडकून कर्रर्र झालं तेव्हा मात्र त्यांनी खिडकीची कड घट्ट धरली. आवडलं नसेल का, सुनंदाला वाटत राहिलं.

आरे-वारेला उतार संपल्यावर एक माणूस दोन्ही हात हलवत रस्त्यावर आला. पुण्याची मोठी गाडी, हौसेने वाळूत नेलेली, निम्म्या चाकापर्यंत रुतली होती.

"देवासारखे आलात! ड्रायव्हर कुठाय?"

"मीच," सुनंदा म्हणाली.

तो माणूस रावजींकडे वळला. "आजोबा, तुम्ही सांगा ना, जमेल का यांना?" सुनंदाने टेम्पो मागे घेत वाळूत उतरवला. रावजी खाली उतरले आणि त्यांनी दोर मागितला. आकड्याला गाठ त्यांनी स्वतः मारली, त्या हातांना डोळ्यांची गरज नव्हती. मग परत चढून जागेवर बसले.

सुनंदाने गियर टाकला आणि पाय दाबला. टेम्पो गुरगुरला. अजून दाबला. गोंड्याच्या माळा थरथरल्या, मागे वाळूचं कारंजं उडालं, आणि 'केव्हाही, कुठेही'ची पाटी हळूहळू खाली जाऊन वाळूला टेकली.

आता दोन्ही गाड्या रुतल्या होत्या. सुनंदाने इंजिन बंद केलं. समोर समुद्र होता. तिचे डोळे भरून आले.

"वाळूत जोर नाय लावायचा गो," रावजी शांतपणे म्हणाले. "जड वस्तू आणखी खाली जाते. आधी चाकासमोर फळी टाकायची."

"बाबा! हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं तर."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

रावजींनी काळा चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि परत डोळ्यांवर चढवला.

"तांडेलला मध्येच सांगायचं नसतं," ते म्हणाले.