साळेकर सरांचे ठिपके

मार्गासनीच्या आमच्या शाळेत साळेकर सर विज्ञान शिकवतात. बाहेर पाऊस पडतोय की नाही, हे त्यांना खिडकीतून कळत नाही. कॉम्प्युटरने सांगावं लागतं. एकदा कॉम्प्युटर नाही म्हणाला, म्हणून सर छत्री ठेवून एसटीला निघाले आणि थांब्यावरून निथळत परत आले. मी हसलो. "मॉडेल बराबर हाय," चष्मा पुसत ते म्हणाले, "पाऊस चुकला."

शाळा सुटली की हा गृहस्थ सातवीच्या पोरांना अडकवून 'मॉडेलिंग' शिकवतो. नाव ऐकून एक आई भांडायलाच आली. "सर, आमच्या पोरीला असलं नटणं-मुरडणं न्हाई शिकवायचं!" सरांनी तिला बसवून सशांचं मॉडेल समजावलं. बिचारी जी गेली, ती परत शाळेकडं फिरकली नाही.

मॉडेल म्हणजे पडद्यावरचे ठिपके. पांढरे ससे, तांबडे कोल्हे. कोण कुणाला खाणार याचे नियम पोरांनी लिहायचे आणि पुढं काय होतं ते बघायचं. कोल्ह्यांनी ससे संपवले तेव्हा पोरं हळहळली, "कोल्हे काढा की सर!" सर खेकसले, "नियमात दया बसत न्हाई!" दगडाला चष्मा लावला की साळेकर होतो, असं मी स्टाफरूममध्ये सांगत असे.

परवा साथीचं मॉडेल होतं. मी खडू न्यायला वर्गात गेलो होतो. ठिपके म्हणजे माणसं. आजारी पडला की पिवळा, बरा झाला की निळा, मेला की नाहीसा. श्रावणीनं विचारलं, "सर, गेलेला ठिपका परत येत न्हाई का?" तिचे वडील करोनात गेलेले.

सर कीबोर्डकडं वळले. वाकून त्यांनी काहीतरी खोडलं, आणि मॉडेल पुन्हा चालवलं. पिवळे ठिपके एकेक करून सगळे निळे झाले. श्रावणी शेवटपर्यंत पडद्याला नाक लावून बसली होती.

पोरं गेल्यावर मी सरांना गाठलं. "मरणाचा नियमच काढलात? हे चूक आहे."

"व्हय. साफ चूक हाय. उद्या तिला खरं शिकवीन."

"मग आज का?"

सरांची बायकोही त्याच साथीत गेली होती. सरांनी तो विषय आमच्यापाशी कधीच काढला नव्हता. कॉम्प्युटरवर कापड टाकत ते म्हणाले, "घरी मी हेच चालवत बसतो. सगळी बरी होत्यात."