भोरात पेटणारा, नसरापुरात विझणारा दिवा

बायकोलाही न सांगितलेली गोष्ट आज लिहितो. धोंडिबा मिस्त्रींशी मी पंधरा दिवस जाणूनबुजून खोटं बोललो. रोज सकाळी एकदा, आणि एकच शब्द.

मिस्त्री आमच्या वकीलसाहेबांच्या मोटारीवर होते. भोरात तेव्हा मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या. ही पुण्याच्या कुणा साहेबाने वापरून झालेली. हाकणं, धुणं, दुरुस्ती, सगळं मिस्त्रींकडे. मी वकीलसाहेबांचा कारकून. ओसरीवर बसून अर्जांच्या नकला करायचो, आणि मोटार ओसरीकडे पाठ करून उभी असायची.

मिस्त्रींचं एक तत्त्व होतं. ब्रेकचा लाल दिवा आपला आपण तपासायचा नाही. ब्रेकवर धोंडा ठेवून मागे जाऊन बघा की, असं मी एकदा सुचवलं तर ते दुखावले. "भाऊसाहेब, त्यो दिवा माझ्यासाठी न्हाई. मागनं येणाऱ्यासाठी हाय. त्याला दिसला का, त्ये त्यालाच इचारायला पायजे."

म्हणून रोज सकाळी ब्रेकवर पाय ठेवून ते ओरडायचे, "मागचं पाव्हणं, पेटला का?" मागचा पाहुणा म्हणजे मी. मान वर न करता मी म्हणायचो, "पेटला." मिस्त्री समाधानाने मिशीवरून हात फिरवायचे आणि गाडी काढायचे.

एके दिवशी कामथडीजवळ मागून येणारी प्रवाशांची सर्व्हिस मोटार आमच्या गाडीवर आदळता आदळता राहिली. तिचा ड्रायव्हर म्हणाला, तुमचा ब्रेकचा दिवा लागतच नाही. वकीलसाहेब भडकले. "पंधरा दिवसांत तो दिवा लागला नाही तर गाडी पुण्याला आणि मिस्त्री, तुम्ही घरी."

दुसऱ्या सकाळी हाक आली तेव्हा मी पहिल्यांदा मान वर केली. दिवा मेलेला होता. पण आता 'नाही' म्हणावं तर इतके दिवस काय बघत होता, हा प्रश्न आलाच. मी म्हणालो, "पेटला."

तिथून मिस्त्रींची तपासणी सुरू झाली. वाटेत नसरापूरला थांबून तीच हाक ते रस्त्याकडेच्या चहावाल्याला द्यायचे. तो रोज हात हलवून 'नाही' सांगायचा आणि मी रोज 'हो'. मिस्त्रींनी दोघांवरही विश्वास ठेवला. "भोरात पेटतो आन् नसरापुरात इजतो. म्हंजी वायर शाबूत हाय. खोड रस्त्यात हाय." वायरीला त्यांनी हातही लावला नाही. ब्रेकची दांडी आणि स्विच यांना जोडणारी स्प्रिंग तेवढी घट्ट केली, मग सैल केली, मग धुळीपासून वाचावी म्हणून धोतराच्या चिंधीत गुंडाळली.

शेवटी संशय खुद्द साहेबांवर आला. साहेब अंगाने भारदस्त. ते मागे बसले की गाडी दबते आणि स्विच ओढला जात नाही, असा मिस्त्रींचा कयास. खात्रीसाठी त्यांनी मागच्या सीटवर तांदळाची दोन पोती ठेवली.

"पाव्हणं, पेटला का?"

"पेटला."

मिस्त्रींनी पोत्यांवर थाप मारून बघितली. "तांदूळ गप बसतोय," ते म्हणाले. "सायेब हलत्यात."

हे त्यांनी साहेबांना तोंडावर सांगितलं. आणि दिवा लागावा म्हणून साहेबही वेल्ह्याच्या कचेरीपर्यंत मांडीवर हात ठेवून, खांबासारखे ताठ बसून गेले. चहावाल्याने हात हलवला.

मुदत संपली, गाडी पुण्याला गेली. तिथल्या कारागिराने वायरीवरचं सुती वेष्टन सोललं. आत तार तुटून टोकं हिरवी पडली होती. हा दिवा कित्येक महिन्यांत पेटलेला नाही, तो म्हणाला.

परत आल्यावर साहेबांनी ओसरीवर पक्षकारांच्या देखत विचारलं, "रोज सकाळी मागे कोण बघत होतं?"

माझ्या हातातला टाक थांबला. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "म्याच," ते म्हणाले.

"पाय ब्रेकवर आणि डोळे गाडीच्या मागे?"

"व्हय जी. मान लांब हाय माझी."

पक्षकार खो खो हसले. मीही हसलो.

मिस्त्री हत्यारांची पिशवी घेऊन निघाले. मी वेशीपर्यंत मागे गेलो. तिथे ते म्हणाले, "जावा माघारी. वयनींचं दिस भरल्यात, घरात पगार येऊ द्या. मला कोण हाय वाट बघणारं? तुमी रोज वो द्यायचा, तेवढंच सकाळचं कुणीतरी बोलायचं."

त्याला आता बारा वर्षं झाली. मिस्त्री वरवे बुद्रुकला भावकीच्या शेतावर राबतात. मोटारीला त्यांनी पुन्हा हात लावला नाही; त्यांना दिवा जोडता येत नाही, असं लोक अजून चेष्टेने सांगतात. वकीलसाहेब त्याच ओसरीवर बसतात आणि मी त्यांच्या शेजारी नकला करतो. मिस्त्रींना वरव्याहून आणून, त्याच ओसरीवर, चार माणसांसमोर 'मागे मी होतो आणि मी बघत नव्हतो' एवढं सांगणं माझ्याकडून राहिलं आहे.